तीन दाखल्यांचा तांडा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य नकाशावरून नाहीसे झाले आणि त्या दिवशी सर्वांत मोठी चिरफाड झाली ती बीदर जिल्ह्याची. अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके उस्मानाबादला जोडून मुंबई राज्यात गेले. नारायणखेड तालुका, निर्णा मंडळ सोडून बाकीचा जहीराबाद तालुका आणि खुद्द बीदर तालुक्यातले न्यालकल मंडळ आंध्र प्रदेशाच्या मेदक जिल्ह्यात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद एवढा उरलेला भाग म्हैसूर राज्याला मिळाला. शेजारच्या गुलबर्ग्याचेही कोडंगल आणि तांडूर हे तालुके आंध्राकडे गेले. राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने वर्षभरापूर्वीच्या अहवालात बीदर जिल्हा उरलेल्या हैदराबाद राज्यातच ठेवावा असे सुचवले होते. ती शिफारस मागे पडली.

या वाटणीचा मराठी इतिहास आपल्याला पाठ आहे. भालकी, औराद, कमालनगर, बसवकल्याण इथल्या मराठी माणसांची व्यथा, महाजन आयोग, महाराष्ट्राने सांगितलेली ८६५ गावे, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला दावा, हे सारे आपण वर्षानुवर्षे वाचत आलो. भाषावार वाटणीत कोणत्या गावात मराठी किती, कन्नड किती, तेलुगू किती, हे मोजले गेले. पण त्याच माळरानावर, गावठाणापासून कोस-दोन कोस लांब, अशी वस्ती होती जिची बोली या तिन्हींपैकी एकही नव्हती. लमाण तांड्यात गोरमाटी बोलली जात होती. भाषेच्या नावावर रेघा ओढल्या गेल्या आणि त्या रेघांनी ज्यांचे नशीब सर्वाधिक बदलले, त्यांची भाषा कोणाच्याच हिशेबात नव्हती. मला या प्रदेशाच्या गेल्या सत्तर वर्षांच्या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी सांगितलेली गोष्ट वाटते.

या रेघांनी काय केले ते समजायला तांडा मुळात इथे थांबला कसा, हे पाहावे लागते.

लमाण म्हणा, लंबाणी म्हणा, लंबाडा म्हणा की बंजारा, हे लोक शेतीवर जगणारे नव्हते. ते वाहतूकदार होते. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य, मीठ, गूळ, कापूस एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेणे हा त्यांचा धंदा. त्याला ते लदेणी म्हणत. १६३२ मध्ये आग्र्याहून पाटण्याकडे निघालेल्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला वाटेत एक तांडा भेटला. त्याने धान्य लादलेले चौदा हजार बैल नोंदवले आहेत. बायका, मुले, संसार सगळा बरोबर. तांडा दिवसाला फार तर सहा-सात मैल चाले, कारण बैलांना वाटेत चरायला वेळ द्यावा लागे. तावेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांची हकीकत दिली आहे. रस्ते नसलेल्या देशात एवढ्या धान्याची हालचाल दुसरे कोणी करू शकत नव्हते.

दख्खनेत ते मोठ्या संख्येने आले ते मोगल फौजांमागून. औरंगजेबाने १६५७ मध्ये बीदरचा किल्ला घेतला आणि त्याच मोहिमेत कल्याणीही. अशा वेढ्यांत महिनोन्महिने बसलेल्या फौजेला रोज धान्य लागे. ते पुरवणाऱ्या नायकांना मान होता, वाट मोकळी होती, चराईचे हक्क होते. भंगी आणि जंगी या दोन नायकांना मोगल सरदाराने ताम्रपट दिल्याची आणि त्यांच्यापाशी एक लाख ऐंशी हजार बैल असल्याची आठवण बंजाऱ्यांच्या परंपरेत आजही सांगतात. आकडा परंपरेतला आहे, पण त्यामागची पत खरी होती. पुढे टिपूवरच्या स्वारीत कॉर्नवॉलिसने आणि १८०३ च्या मराठा युद्धात वेलस्लीने यांच्याच बैलांवर रसद उभी केली. त्या काळच्या कुणी दख्खनेतल्या समाजांची आर्थिक तुलना केली असती तर लमाण नायक कुणब्याच्या वर, पेठेतल्या सावकाराच्या आसपास दिसला असता. आज हे वाचून विश्वास बसत नाही, इतकी ती पत पुसली गेली आहे.

ती पुसली गेली एका पिढीत. रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला आली. १८७१ पर्यंत गुलबर्गा, शहाबाद, वाडी ओलांडून रायचूरला मद्रासच्या रुळांना मिळाली. १८७४ मध्ये वाडी ते सिकंदराबाद ही निजामाची रेल्वे सुरू झाली. कोकणातून घाट चढून येणारे मीठ आता डब्यांतून येऊ लागले. मिठावर आधीच सरकारी कराचा आणि पहाऱ्याचा फास होता. बैल राहिले आणि त्यांच्यावर लादायला माल उरला नाही. रुळांच्या त्याच वर्षांत, १८७१ मध्ये, ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. भटकणारा माणूस हा चोर असणारच, या समजुतीवर तो उभा होता, आणि वऱ्हाड-मुंबई इलाख्यातले बंजारे हळूहळू त्याच्या कक्षेत ओढले गेले. ज्यांच्या भटकण्यावर फौजा जेवल्या, त्यांचे भटकणेच गुन्हा ठरले. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत टिकला.

निजामी मुलखात तांडे थांबले ते जिथे कोणी हटकणार नाही तिथे. चिंचोळीच्या जंगलकडेला, औरादच्या खडकाळ माळावर, नारायणखेडच्या टेकड्यांवर, उदगीर-अहमदपूरच्या गायरानात. जमीन जहागीरदाराची, सरकारची किंवा जंगलखात्याची. कुणी बैल विकून थोडे शेत घेतले, बहुतेकांनी घेतले नाही. जहागिरी ऑगस्ट १९४९ मध्ये संपल्या, १९५० मध्ये हैदराबादचा कूळकायदा आला. पण कूळ ठरायला कागदावर नाव लागते. ते ज्यांचे होते त्यांना जमीन मिळाली. तांड्याचे नाव तर महसुली नकाशावरही नव्हते. तो मूळ गावाच्या हद्दीतला एक ठिपका होता आणि पुष्कळ ठिकाणी तेवढाही नव्हता.

अशा अवस्थेत १९५६ ची वाटणी झाली.

आता यादीचा इतिहास. इथे जरा थांबले पाहिजे, कारण पुढचे सारे यातून निघाले आहे. १९५० मध्ये अनुसूचित जाती आणि जमातींच्या याद्या राज्यवार तयार झाल्या. हैदराबाद राज्याच्या जमातींच्या यादीत गोंड, कोया, भिल्ल, चेंचू, कोलाम, आंध, परधान, थोटी आणि हिल रेड्डी होते. लंबाडा नव्हते. जुन्या म्हैसूर संस्थानात मात्र बंजारा-लंबाणी अनुसूचित जातींत घेतले गेले. रायलसीमा आणि किनारी आंध्रातले सुगाली-लंबाडी अनुसूचित जमातींत गेले. राज्ये जोडली गेली तरी या याद्या जिल्ह्यांच्या जुन्या हद्दींना बांधलेल्या राहिल्या. त्यामुळे १९५६ नंतर शिमोग्याचा लंबाणी अनुसूचित जातीचा आणि त्याच राज्यातला बीदर-गुलबर्ग्याचा लंबाणी मात्र नाही, अशी स्थिती होती. अनंतपूरचा सुगाली जमातीतला आणि जहीराबादचा लंबाडा नाही. महाराष्ट्रात साठीच्या दशकाच्या सुरुवातीला विमुक्त जातींची राज्यापुरती वेगळी यादी झाली आणि उदगीरचे लमाण तिच्यात आले.

म्हणजे जवळजवळ वीस वर्षे जुन्या बीदरच्या तिन्ही तुकड्यांतले तांडे साधारण सारख्याच दशेत होते. केंद्राच्या यादीत कोणीच नाही. मग १९७६ चा दुरुस्ती कायदा आला आणि २७ जुलै १९७७ पासून जिल्ह्यांचे बंधन उठले. कर्नाटकात बीदर-गुलबर्ग्यासह सगळ्या राज्यातले लंबाणी अनुसूचित जातीत आले. आंध्रात तेलंगणातले लंबाडा अनुसूचित जमातीत आले. महाराष्ट्रातले बंजारे होते तिथेच राहिले. डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत गहुलीच्या तांड्यातले वसंतराव नाईक महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, एवढा मोठा माणूस या समाजाने राज्याला दिला, तरी केंद्राच्या यादीचा दरवाजा उघडला नाही.

विकाराबादहून परळीला जाणारी रेल्वे आज जहीराबाद, बीदर, भालकी, कमालनगर करत उदगीरला पोहोचते. शंभरेक किलोमीटरच्या या पट्ट्यात तीन सख्खे चुलतभाऊ तीन तांड्यांत राहतात असे धरू. आडनाव राठोड. पणजा एकच, बोली एकच, कुलदैवत एकच, सेवालाल महाराजांची जयंती एकाच दिवशी. नारायणखेडकडचा अनुसूचित जमातीचा, औरादचा अनुसूचित जातीचा, उदगीरचा विमुक्त जाती 'अ'चा, आणि केंद्राच्या परीक्षेत इतर मागासवर्गाचा. तिघांची मुले एकाच दिवशी वैद्यकीय प्रवेशाची तीच प्रश्नपत्रिका सोडवतात आणि तीन वेगळ्या रांगांत उभी राहतात. उदगीरच्या मुलाला राज्यात तीन टक्क्यांच्या वाट्यातून जागा शोधावी लागते आणि त्यासाठी नॉन-क्रीमीलेअरचा दाखलाही जोडावा लागतो. इतर दोघांना तो लागत नाही.

फरक परीक्षेपुरता नाही. जंगलकडेची जमीन घ्या. २००६ च्या वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातीच्या माणसाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवला की पुरते. बाकीच्यांना त्या तारखेआधी पंचाहत्तर वर्षे, म्हणजे तीन पिढ्या, तिथे राहत असल्याचे सिद्ध करावे लागते. चिंचोळीच्या जंगलात कसणाऱ्या लंबाण्याने १९३० सालचा पुरावा आणायचा, निजामी अमदानीतला, ज्या काळात त्याच्या तांड्याची नोंदच कोणी घेत नव्हते. रेघेपलीकडे तांडूरच्या बाजूला त्याचाच भाऊबंद जमातीचा दाखला दाखवून तीच मागणी करू शकतो. तेलंगण सरकारने २०२३ मध्ये राज्यभर चार लाख एकरांहून अधिक पोडू, म्हणजे जंगलात कसल्या जाणाऱ्या, जमिनीचे पट्टे वाटले. त्यातला मोठा वाटा गोदावरीकाठच्या जंगल जिल्ह्यांत गेला हे खरे, पण लंबाडा त्या कायद्याच्या आत होता. चिंचोळीचा लंबाणी बाहेर होता, आणि २०११ मध्ये तिथे वन्यजीव अभयारण्य झाल्यावर आतल्या तांड्यांवर उठण्याची टांगती तलवारही आली.

अत्याचार प्रतिबंधक कायदा औरादच्या आणि नारायणखेडच्या राठोडांना लागू आहे, उदगीरच्या नाही. कर्नाटकात आणि संयुक्त आंध्रात २०१३ मध्ये कायदे होऊन अनुसूचित जाती-जमातींसाठी अंदाजपत्रकातला वाटा बांधून दिला गेला. महाराष्ट्रातल्या विमुक्तांना असा कायदेशीर वाटा नाही, त्यांना महामंडळ आणि आश्रमशाळा आहेत. त्या आश्रमशाळांनी मराठवाड्यातल्या लमाणांची पहिली शिकलेली पिढी घडवली, हे नोंदवायलाच हवे. औरादची विधानसभेची जागा २००८ पासून अनुसूचित जातीसाठी राखीव आहे आणि तेव्हापासून तिथून लंबाणी आमदार निवडून येत आहेत. तशाच राखीव असलेल्या चिंचोळीतूनही लंबाणी आमदार झाले आहेत. शेजारचे उदगीर अनुसूचित जातीला राखीव आहे, तिकडचे जहीराबादही. पण या दोन्ही ठिकाणी लमाण त्या राखीव जागेवर उभा राहू शकत नाही, कारण महाराष्ट्रात आणि तेलंगणात तो अनुसूचित जातीत नाही. औराद, उदगीर आणि जहीराबाद, तिन्ही एकाच प्रकारे राखीव, आणि एकाच ठिकाणी त्याला दार उघडे.

सोयरीक मात्र रेघ पाळत नाही. औरादची मुलगी उदगीरच्या तांड्यात दिली जाते. तिचा कर्नाटकचा दाखला महाराष्ट्रात तिला उपयोगी पडत नाही. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या प्रवेशावरून गेलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच सांगून टाकले की एका राज्यात मिळालेला जाती-जमातीचा दर्जा दुसऱ्या राज्यात बरोबर जात नाही. तिची मुले बापाच्या दाखल्यावर विमुक्त जातीची होतात.

समाजांच्या गरिबी-श्रीमंतीची तुलना जगभर होते आणि तिच्यात एक खोड फार जुनी आहे, समाजाच्या स्वभावात कारण शोधायची. अमेरिकेत सुपीरियर सरोवराभोवतालच्या ओजिब्वे लोकांना सरकारी कागदांत चिप्पेवा म्हणतात. त्यांच्या वस्त्यांतली गरिबी आणि लॉस एंजेलिसमधल्या कोरियन दुकानदारांची भरभराट शेजारी ठेवली की ऐकणारा लगेच म्हणतो, एक समाज कष्टाळू, दुसरा आळशी. इतिहास वेगळे सांगतो. चिप्पेवांनी १८३७ आणि १८४२ च्या तहांत पाइनची जंगले आणि तांब्याच्या खाणींचा प्रदेश सोडला, मासेमारीचा आणि रानभाताचा हक्क राखून. पुढे १८८७ आणि १८८९ च्या कायद्यांनी राखीव जमिनी माणशी तुकड्यांत वाटल्या गेल्या आणि व्हाइट अर्थ वस्तीची बहुतांश जमीन लाकूड कंपन्यांच्या आणि सटोडियांच्या घशात गेली. शेजारच्या रेड लेकने वाटणी नाकारली आणि जमीन सामाईक ठेवली, ती आजही त्यांची आहे. जमात एकच होती, कागद दोन झाले. राखून ठेवलेला मासेमारीचा हक्क विस्कॉन्सिनच्या चिप्पेवांना न्यायालयात परत मिळवायला १९८३ उजाडले. मिनेसोटातल्या इटास्का काउंटीने एका चिप्पेवा कुटुंबाच्या घरावर शंभर-दीडशे डॉलरांचा कर लावला. त्याविरुद्धचा खटला १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकला गेला आणि त्याच निकालाच्या पायावर पुढे जमातींचे जुगारगृहांचे उत्पन्न उभे राहिले. अर्थकारण फिरले ते कायद्याच्या एका वाचनाने.

कोरियन तर एकाच रक्ताचे, आणि १९४५ मध्ये अडतिसाव्या अक्षांशावर रेघ पडली तेव्हा कारखाने आणि वीज उत्तरेकडे होती, दक्षिणेकडे भाताची शेते. दक्षिणेने १९५० च्या सुमारास जमीनदारी मोडून कुळाला तीन हेक्टरांच्या मर्यादेत शेत दिले. उत्तरेने १९४६ मध्ये शेत दिले आणि पुढे सामुदायिक शेतीत परत घेतले. आजच्या सोल आणि प्योंगयांगमधली दरी कोरियन स्वभावातून कोण काढून दाखवील? लॉस एंजेलिसचा दुकानदार बहुधा १९६५ नंतरच्या स्थलांतर कायद्याने आलेला, शिकलेला, थोडे भांडवल घेऊन आलेला होता. त्याची तुलना जमीन गमावलेल्या चिप्पेवाशी करणे म्हणजे दोन कायद्यांची तुलना दोन समाजांच्या नावावर खपवणे. खरी शिकवणारी तुलना ती, जिथे समाज तोच राहतो आणि रेघ मध्ये येते. जुन्या बीदर जिल्ह्याने आपल्याला अशी तुलना दारात आणून दिली आहे.

मग तिचा निकाल काय? सरळ सांगायचे तर दाखल्याने फरक पडला, पण लोक समजतात तितका नाही, आणि सगळीकडे तो न्यायाने पडला नाही.

तेलंगणाचे आधी. १९७७ नंतर लंबाड्यांची शिकलेली पिढी नोकऱ्यांत, पोलिसांत, शिक्षकांत आली, विधानसभेत आली. २०११ च्या जनगणनेत आजच्या तेलंगणातल्या अनुसूचित जमातींत निम्म्याहून अधिक लोक लंबाडा होते. २०१८ च्या पंचायत कायद्याने मोठ्या तांड्यांना स्वतंत्र ग्रामपंचायत मिळाली आणि तांड्याचा सरपंच तांड्याचाच झाला. पण याच यादीची किंमत आदिलाबादच्या गोंडांनी मोजली. निजामी काळात कुमरम भीमच्या १९४० च्या उठावानंतर गोंडांना पट्टे मिळवून देण्यात हाइमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. सत्तरच्या दशकात तो परत आला तेव्हा त्याने पाहिले की महाराष्ट्रातून सीमा ओलांडून आलेले बंजारे गोंडांच्या जमिनींवर बसत आहेत आणि १९७७ नंतर तर कायद्यानेही त्यांना अडवता येत नाही. १९८२ च्या पुस्तकात त्याने हे लिहून ठेवले. २०१७ मध्ये गोंड-कोया संघटनांनी लंबाड्यांना यादीतून काढा म्हणून आंदोलन उभारले ते त्याच जखमेतून. तांड्याच्या बाजूने लिहिणाऱ्याने गोंडांची ही तक्रार दडवू नये. रेघेने एका गरिबाला दिलेले दुसऱ्या गरिबाच्या ताटातून गेले.

कर्नाटकातही राखीव जागांच्या आतली भांडणे त्याच धर्तीची आहेत. मादिग आणि होलेय समाजांचे म्हणणे की अस्पृश्यता न भोगलेल्या लंबाणी-भोवींनी जागा जास्त उचलल्या. लंबाण्यांचे म्हणणे की तांड्यावरची दशा येऊन पाहा. सदाशिव आयोग, मार्च २०२३ मधला या जागांच्या वाटणीचा निर्णय आणि त्यावर शिकारीपुरात झालेला दगडफेकीचा उद्रेक, ऑगस्ट २०२४ मधला सर्वोच्च न्यायालयाचा उपवर्गीकरणाचा निकाल, नागमोहन दास आयोग असे टप्पे घेत राज्य मंत्रिमंडळाने १९ ऑगस्ट २०२५ रोजी अनुसूचित जातींच्या सतरा टक्क्यांची सहा, सहा आणि पाच अशी वाटणी ठरवली. शेवटच्या पाचात लंबाणी, भोवी, कोरम, कोरच आणि एकोणसाठ अतिमागास भटके गट एकत्र आहेत. आणि महाराष्ट्रात त्याच वर्षी, मराठा आरक्षणासाठी हैदराबाद गॅझेटियर मान्य झाल्यावर, मराठवाड्यातला बंजारा समाज तोच दस्तऐवज हातात घेऊन जमातीच्या दर्जासाठी रस्त्यावर उतरला.

या सगळ्या गदारोळात एक गोष्ट मला सारखी खटकते. दिवाळीनंतर उदगीर, औराद, आळंद, चिंचोळी इकडचे तांडे निम्मे रिकामे होतात. कोणी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कोणी मुंबई-पुण्याला बांधकामावर, कोणी हैदराबादला. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल, आणि उचल फिटेपर्यंत परतणे नाही. फडातल्या कोपीत शेजारी राहणाऱ्या दोन जोडप्यांपैकी एकाकडे अनुसूचित जातीचा दाखला असतो, दुसऱ्याकडे विमुक्त जातीचा, आणि मजुरी दोघांना एकच. दाखला शिकलेल्या मुलाच्या कामाला येतो. ज्याचे मूल दरवर्षी पाच महिने फडात असते त्याचा दाखला पेटीतच राहतो. या माणसासाठी पहिला प्रश्न जमिनीचा आहे, घराखालच्या जमिनीचासुद्धा.

इथे कर्नाटकाने केलेले एक काम मी मनापासून मोठे मानतो. तांडा महसुली नकाशावर नसेल तर तिथे रस्ता, शाळा, रेशनचे दुकान यायला आधार नसतो आणि घर बँकेकडे तारण ठेवता येत नाही. त्या राज्याने २००९ मध्ये तांडा विकास महामंडळ काढले. पुढे जमीन सुधारणा कायद्यात ३८-अ हे कलम घालून ज्याचे राहणे त्याची घरजागा हे तत्त्व मान्य केले, आणि बीदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर व विजयपूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १,४७५ नोंद नसलेल्या वस्त्यांना महसुली गावाचा दर्जा दिला. १९ जानेवारी २०२३ रोजी कलबुर्गी जिल्ह्यात मळखेडला पन्नास हजारांहून अधिक कुटुंबांना हक्कुपत्रे वाटली गेली. मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांचे मान्यखेट. त्या राजधानीच्या मातीत, निजामी काळापासून नाव नसलेल्या तांड्यांना प्रथम गावाचे नाव मिळाले. हे काम एका पक्षाचे किंवा एका सरकारचे नाही, दोन-तीन सरकारांनी ते पुढे नेले. त्याचा लाभ लंबाण्यांबरोबर गोल्लर, कुरुब, दलित वस्त्यांनाही झाला आणि कुणाच्या ताटातले काही गेले नाही. दाखल्यांच्या सगळ्या लढायांपेक्षा मला हे अधिक मोलाचे वाटते, कारण हक्कुपत्राला जात पडताळणी लागत नाही आणि ऊसतोडीहून परतल्यावर ते दारातच असते. महाराष्ट्रात तांडा-वस्ती सुधार योजनेतून रस्ते आणि समाजमंदिरे झाली. पण गायरानातल्या घराखालची जमीन नावावर करण्याचा असा एकगठ्ठा निर्णय मराठवाड्यातल्या तांड्यांच्या वाट्याला अजून आलेला नाही.

तुलना पुरी करायला आकडे हवेत आणि ते सर्वांत कमी आहेत ते महाराष्ट्रात. जनगणना अनुसूचित जाती-जमातींचीच वेगळी मोजणी करत आली. म्हणून औरादच्या लंबाण्यांची साक्षरता, शेत, घर यांचे आकडे सापडतात, नारायणखेडच्या लंबाड्यांचे सापडतात, आणि उदगीरच्या लमाणांचे १९३१ नंतर कुठेच नाहीत. बाळकृष्ण रेणके आयोगाने २००८ मध्ये आणि भिकू रामजी इदाते आयोगाने त्यानंतर दहा वर्षांनी, या दोन्ही मराठी माणसांनी, विमुक्तांची नीट गणना करा म्हणून केंद्राला सांगितले. २०२२ मध्ये केंद्राने विमुक्त-भटक्यांसाठी पाच वर्षांची योजना आणली ती देशभरासाठी दोनशे कोटींची. एवढ्या मोठ्या लोकसंख्येत ही रक्कम कुठे विरून जाईल ते सांगायला नको, आणि लोकसंख्या किती तेच अधिकृतपणे मोजलेले नाही.

आता १ मार्च २०२७ या तारखेची जनगणना जातीच्या नोंदीसह होणार आहे. जुन्या बीदरच्या तिन्ही तुकड्यांतला तांडा पहिल्यांदाच एकाच मोजणीत येईल. धोका हा की एका ठिकाणी तो लंबाणी, दुसरीकडे लंबाडा किंवा सुगाली, तिसरीकडे लमाण किंवा बंजारा म्हणून नोंदला जाईल आणि मातृभाषेच्या रकान्यात प्रगणक आपल्या सोयीने मराठी, कन्नड नाहीतर तेलुगू लिहून मोकळा होईल. लातूर, नांदेड, बीदर, कलबुर्गी, संगारेड्डी आणि विकाराबाद या जिल्ह्यांच्या प्रशासनांनी या नावांची एकच जोडयादी आधी करावी, मोजणी तांडे ऊसतोडीवरून परतल्यावर व्हावी किंवा फडातच केली जावी, आणि आलेले आकडे तिन्ही राज्यांनी शेजारी ठेवून प्रसिद्ध करावेत. सीमाभागातल्या मराठी संस्था, मराठी शिक्षक आणि वाचक यांना माझी विनंती आहे: आपल्या गावाशेजारच्या तांड्यावर प्रगणक येईल त्या दिवशी तिथे जा, आणि रकान्यात गोरमाटी लिहिले गेले की नाही ते पाहा.